तिरुवल्लिकेणीतला एकमेव मराठी कुत्रा

चेन्नईत माझ्या डोक्यावरचं छप्पर एका कुत्र्याच्या लघवीवर उभं होतं.

हे वाक्य मी सभ्य करून पाहिलं, पण सभ्य केलं की ते खोटं वाटायला लागतं. म्हणून आहे तसंच ठेवतो आणि झालं काय ते सांगतो.

मी करमाळ्याचा. एस.टी. स्टँडसमोर आमची अंडाभुर्जीची गाडी आहे. बाबा तव्यावर असतात. आई कांदा चिरते, पाव भाजते आणि उरलेल्या वेळात गिऱ्हाइकांना शिस्त लावते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंजिनिअरिंगला चेन्नईचं कॉलेज मिळालं, तेव्हा आईने विचारलं, "सोलापूरच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडं," बाबा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "बरंच."

कॉलेजच्या हॉस्टेलात जागा नव्हती. पण आमच्या गाडीवर रोज डबल भुर्जी खाणारे एक रेल्वेतले साहेब होते. ते पूर्वी चेन्नईला होते. त्यांच्या ओळखीने मी तिरुवल्लिकेणीतल्या एका जुन्या गल्लीत, सेतुराव काका आणि अंबुजा काकूंच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत राहायला आलो. हे तंजावरकडचे मराठी लोक. यांचे पूर्वज कधीकाळी महाराष्ट्रातून तंजावरला गेले, पुढच्या पिढ्या तिथून चेन्नईला आल्या, आणि या सगळ्या प्रवासात त्यांनी मराठी भाषा जपून बरोबर आणली. ती फार जुनी आहे, तिच्यात तमिळ मिसळलंय, आणि चांगल्या गोष्टीला हे लोक 'चोखोट' म्हणतात. त्यांचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरला, सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि ऑफिसजवळच राहायचा. रविवारी येऊन जेवायचा आणि फोनकडे बघत परत जायचा.

काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "भाडं नक्को. रात्री जेवण झाल्यावर बोंडाला फिरवून आण. तेवढंच होवो."

बोंडा म्हणजे त्यांचा कुत्रा. रंगाने आणि आकाराने थेट कढईतून काढल्यासारखा. तो घरात काही करायचा नाही, अंगणात करायचा नाही, गच्चीवर तर विचारसुद्धा करायचा नाही. त्याला गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन, ट्रान्सफॉर्मरशेजारच्या भिंतीपाशी, दोनदा गोल फिरूनच मोकळं होता यायचं. (माणसांच्या सवयी याहून विचित्र असतात. माझ्या चुलत्यांना रेडिओ लावल्याशिवाय होत नाही.) तर बोंडा मोकळा झाला की माझी राहायची सोय पक्की, असा तो सरळ हिशोब होता.

आता जरा माझ्याविषयी. कॉलेजात सगळे तमिळमध्ये हसायचे आणि इंग्रजीत अभ्यास करायचे. मला हसताही येत नव्हतं आणि अभ्यासही कळत नव्हता. बसमध्ये 'सॉरी', मेसमध्ये 'पोदुम्' म्हणजे पुरे, आणि सरांनी काही विचारलं की 'येस सर', एवढ्या भांडवलावर माझा दिवस जायचा. संध्याकाळी मी समुद्रावर, मरिनाच्या वाळूत जाऊन बसायचो. तिथे एवढी माणसं असतात की एकटा माणूस उठून दिसतो. शेंगदाणे विकणारेसुद्धा माझ्यापुढे थांबायचे नाहीत. ते कुटुंबं बघून थांबतात.

घरी काका-काकू मायाळू होते, पण हळू बोलायचे. इतकं हळू, की बोलणं संपल्यावर मला कळायचं, आत्ता बोलणं चालू होतं! आम्ही गाडीवाले. आमच्याकडे 'मीठ दे' हेसुद्धा रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल असं म्हणतात. त्या घरात मी पाणी पिताना घोट मोजून आवाज न करता प्यायचो.

त्यामुळे दिवसात माझा असा एकच अर्धा तास होता. रात्री शेवटच्या एस.ट्या लागल्या की आमच्या गाडीवरची गर्दी ओसरते, आई-बाबा भांडी घासायला घेतात, आणि मला फोन करतात. नेमकी तीच बोंडाची वेळ. सकाळी ते झोपलेले आणि मी बसमध्ये. दुसरी वेळ जुळतच नव्हती. एका हातात बोंडाची दोरी, दुसऱ्या हातात फोन, अशी आमची वरात निघायची.

पुढे कपडे धुताना माझा फोन बादलीत पडला. तो वाचला, पण कानाला लावला की काही ऐकू येईना. इयरफोनचं भोकही गेलं, फक्त स्पीकर चालायचा. तोही असा, की आवाज कमीच होत नसे. मला काय, उलट बरंच वाटलं! मी फोन शर्टाच्या खिशात ठेवायचो आणि तिरुवल्लिकेणीच्या त्या गल्लीत, फुलवाल्याच्या बंद टपरीपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत, अख्खं करमाळा माझ्या छातीवर बोलत चालायचं.

"जेवलास का रं?"

"जेवलो."

"काय हुतं?"

"सांबार-भात."

"आन् काल?"

"सांबार-भात."

"हाड्! हाड् मेल्या! आन् भाजी?"

"सांबारातच असते, आई."

"आवं ऐकलं का, भाजी आमटीतच बुडवत्यात तिकडं! हाड्! वाळलास का रं?"

मागे बाबा उलथन्याने तवा खरवडत असायचे. टण्, टण्, टण्. तो आवाज ऐकला की मला भूक लागायची, आणि लागोपाठ रडू यायचं. मी अंधारातच असायचो, म्हणून चालून जायचं.

असं सगळं छान चाललं होतं आणि बोंडा घाबरायला लागला.

आधी तो नुसता कान पाडून चालायचा. मग शेपूट पोटाखाली गेली. मग फुलवाल्याच्या टपरीपाशी आला की चारी पाय रोवून बसायचा, थरथरायचा, आणि एकदम उलटा फिरून घराकडे सुटायचा. मी त्याच्यामागे, दोरीच्या टोकाला! ट्रान्सफॉर्मर राहिला, भिंत राहिली. घराच्या दारात पोहोचल्यावर त्याला आठवायचं की आपण कशासाठी निघालो होतो. आणि दारात असायचा काकूंचा कोलम. म्हणजे आपली रांगोळी, पण तांदळाच्या पिठाची. सकाळी काढलेली असली तरी रात्रीपर्यंत काकू तिच्यावर कुणाला पाय ठेवू देत नसत.

बोंडाने पाय ठेवला नाही. पाय वर केला.

"अय्यो! बोंडा! कोलमवर!" काकू आयुष्यात पहिल्यांदा मला नीट ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी समोरच्या मामी आपल्या दारात उभ्या राहून बघायलाच आल्या.

काका झोपाळ्यावर बसून म्हणाले, "कण्णा, तू येण्याच्या आधी तो असं करत नव्हता." कण्णा म्हणजे बाळा. ते रागाने बोलले नव्हते. त्यांना रागवता येतच नव्हतं, तेच अवघड होतं. मी गच्चीवर गेलो आणि हिशोब केला. कुत्रा फिरणार नसेल तर माझा इथे उपयोग काय? इथून निघालो तर गल्लीतल्या एखाद्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांसाठी खोल्या असलेल्या त्या तीन-तीन मजली इमारतींमध्ये, जावं लागणार. त्याचं भाडं आमच्या भुर्जीला झेपलं नसतं. मग परत करमाळा. आणि स्टँडवर सगळे विचारणार, का आलास? मी काय सांगणार? कुत्र्याला होईना?

म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून बोंडावर उपाय सुरू केले.

काकूंचं म्हणणं, दृष्ट लागली. त्यांनी मीठ आणि लाल मिरच्या बोंडावरून ओवाळल्या आणि जाळल्या. बोंडा अकरा वेळा शिंकला की बारा, यावर काका-काकूंचा वाद झाला. मग मोठा इलाज. कोहळ्याला वरून भोक पाडून आत कुंकू भरलं, वर कापूर पेटवला, आणि मी तो बोंडावरून ओवाळून गल्लीच्या तिठ्यावर जोरात आपटून फोडला. बोंडा बघत होता. आत्तापर्यंत तो कशाला घाबरतो ते आम्हाला माहीत नव्हतं. आता एक गोष्ट नक्की माहीत झाली : कोहळा!

त्याच रात्री फोन आला, बोंडा उलटा फिरला, मी त्याच्यामागे धावलो, आणि मीच फोडलेल्या कोहळ्यावरून घसरलो. कुंकवाने लाल झालेला मी घरी आलो तेव्हा काकूंनी किंकाळी फोडली. दृष्ट बहुतेक बोंडावरून उतरून माझ्यावर आली होती.

काकांचं म्हणणं वेगळं. "बँकेत एखादा क्लार्क एका टेबलाला घाबरायला लागला की आम्ही टेबल बदलत होतो. बोंडाची बदली कर." म्हणून मी त्याला देवळाच्या बाजूच्या रस्त्याने नेलं. फोन वाजेपर्यंत बोंडा चोखोट चालला! फोन सुरू झाला आणि तो एका निवांत बसलेल्या गाईच्या पोटाखाली शिरला. गाय उठली. पुढचं सांगत नाही. पण त्या गाईने मला अजून माफ केलेलं नाही.

(वाचकांच्या एव्हाना सगळं लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. मी इंजिनिअरिंगला होतो.)

मग मी शास्त्रीय मार्गाने जायचं ठरवलं. कॉलेजच्या लायब्ररीत बसून कुत्र्यांच्या रात्रीच्या भीतीविषयी इंटरनेटवर मिळेल ते वाचलं. त्यात लिहिलं होतं, अंधारात सावल्यांमुळे कुत्रे बिचकतात, उजेड द्या. मी सायकलचा लुकलुकणारा लाल दिवा बोंडाच्या पट्ट्याला बांधला. त्या रात्री गल्लीतली इतर सगळी कुत्री त्याला घाबरली, आणि दोन रिक्षावाल्यांनी अँब्युलन्स समजून वाट दिली. बोंडा मात्र स्वतःच्याच दिव्यापासून पळत सुटला. मान वळवेल तिकडे दिवा!

त्या लेखात आणखी एक गोष्ट होती. घाबरलेल्या कुत्र्याला ओळखीच्या भाषेत, घरच्या मायेने बोललेलं ऐकू येऊ द्या.

हे वाचून मला एकदम उजेड पडला. (बोंडाच्या दिव्याएवढाच.) बोंडाची घरची भाषा कोणती? मराठी! काका-काकू त्याच्याशी मराठीतच बोलायचे. 'ये बा', 'जेव बा', 'चोखोट बोंडा.' आणि बाहेर? बाहेर सगळं तमिळ. मला वाटलं, अरे, हा तर माझ्यासारखाच आहे! घराबाहेर पडला की एकटा पडतो. त्याला आपली भाषा ऐकायला मिळाली पाहिजे. माझे डोळे पाणावले. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या रात्री फोन आल्यावर आईला म्हणालो, "आई, आज जरा मोठ्याने बोल. बोंडाला मराठी कळतं."

माझ्या आईला कुणीतरी मोठ्याने बोलायला सांगितलं, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिने त्याचं सोनं केलं.

"काय म्हन्तोय बोंडा? आरं ए बोंडा! जेवलास का? हाड्! हाड्! आवं, ती काठी द्या हिकडं! हाड् मुडद्या, कवाधरनं भांड्यात तोंड घालतोय! थांब, आता पाठच मोडते!" आणि गाडीच्या पत्र्यावर काठी, धाड्! त्यात बाबांचा तवा, टण् टण् टण्!

बोंडाने माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मग दोरी माझ्या हातातून गेली.

तो समोरच्या मॅन्शनच्या फाटकातून आत शिरला. मीही शिरलो. जिन्यावर दोन्ही बाजूंना लुंग्या आणि बनियन वाळत होते. बोंडा दुसऱ्या मजल्यावर पोहोचला, उघडं दिसलं त्या दारातून आत गेला आणि खाटेखाली गडप झाला. खाटेवर एक बारीक माणूस पुडक्यातली इडली खात बसला होता. त्याने इडली न सोडता दोन्ही पाय वर घेतले. मी दारात, धापा टाकत. आणि माझ्या खिशातून :

"म्हाद्या! आरं बोल की! गप का झालास? हाड्!"

खाटेखालून एक बारीक केविलवाणा आवाज आला.

त्या माणसाचं नाव सेल्वम. मदुरैकडचा, एका औषधाच्या दुकानात कामाला. तो इंग्रजीत बोलला, मीही बोललो. दोघांचं इंग्रजी सारखंच अशक्त होतं, त्यामुळे छान जमलं.

"हे कोण ओरडतंय?"

"माझी आई."

"कुठे आहे?"

"महाराष्ट्रात."

त्याने खाटेखाली वाकून पाहिलं, मग माझ्या खिशाकडे पाहिलं. "आणि ती या कुत्र्याला मारतेय?"

"नाही, ती तिकडच्या..."

आणि मी थांबलो. गाडीवर कायम जमणारी ती स्टँडवरची कुत्री मला दिसली. आईची काठी दिसली. बादलीत पडलेला फोन दिसला. स्पीकर सुरू झाला तो आठवडा आणि बोंडा घाबरायला लागला तो आठवडा, हे दोन वेगळे आठवडे नव्हते. अख्ख्या तिरुवल्लिकेणीत मराठी समजणारा कुत्रा एकच! मग रात्रीच्या शांत रस्त्यावर कुणीतरी जीव तोडून मराठीत 'हाड्, पाठ मोडते' असं ओरडत असेल, तर ते दुसऱ्या कुणासाठी असणार? ज्या भाषेत जन्मभर नुसते लाड झाले, त्या भाषेत रोज रात्री शिव्या! आणि येतात कुठून, तर ज्याने दोरी धरलीये त्याच्या छातीतून!

खात्री म्हणून मी फोन बंद केला. जरा वेळाने बोंडाचं नाक बाहेर आलं. मग डोकं. सेल्वमने त्याला इडलीचा तुकडा दिला. तो खाणार, इतक्यात फोन वाजला. मी उचलला.

"कट का केलास रं? हाड्!"

बोंडा आत.

सेल्वम खाटेवर आडवा पडून हसायला लागला. त्याचं हसणं ऐकून शेजारच्या खोल्यांतून माणसं आली. सगळे एकटे, सगळे लुंगीत, कुणाच्या हातात दाढीचा ब्रश, कुणाच्या हातात इस्त्री. सेल्वमने सगळ्यांना तमिळमध्ये गोष्ट सांगितली आणि सगळे मला म्हणाले, "पुन्हा एकदा!" मला बोंडाची दया येत होती, पण इतकी माणसं एकदम माझ्याकडे बघून बोलत होती, असं चेन्नईत पहिल्यांदाच होत होतं.

"कोन हाय तिथं?" आईने विचारलं. "कोन हसतंय एवढं?"

मी काय सांगणार? "मित्र आहेत, आई."

पलीकडे क्षणभर तवासुद्धा थांबला.

"मित्र?" मग आईचा आवाज, माझ्यासाठी नाही, बाबांसाठी, पण करमाळा स्टँडवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा, "आवं, म्हाद्याला मित्र झालं! लई जन हायती! हसत्यात बगा कसं!" आणि लगेच, "हाड्!"

घरी परतताना बोंडाला मी उचलून नेलं. त्याने माझ्या खिशाकडे पाठ केली होती.

आता कारण कळलं होतं, इलाजही कळला होता, आणि तोच नको होता. दुसऱ्या रात्री निघताना मी फोन खोलीतच ठेवला. आईला आधी कळवून टाकलं, 'परीक्षा आहे, बोलता येणार नाही.' बोंडा राजासारखा चालला. ट्रान्सफॉर्मरपाशी दोनदा गोल फिरला आणि निवांत मोकळा झाला. काकू म्हणाल्या, "कोहळ्याचा गुण!" काका म्हणाले, "बदलीचा!" मी म्हणालो, "होय."

आणि मी त्या गल्लीतून बोंडाबरोबर गप्प चालत राहिलो. तेव्हा कळलं, त्या गल्लीत किती आवाज असतात. कुणाच्या घरात कुकर, कुणाच्या खिडकीत टीव्ही, मॅन्शनच्या जिन्यात कुणीतरी आपल्या आईशी तमिळमध्ये बोलत असतं. मला कळत नसे. पण आईशी बोलणं चाललंय एवढं कुठल्याही भाषेत कळतं. बोंडा मधून मधून वर माझ्याकडे बघायचा. शेपूट हलवायचा. 'बघ, किती छान शांत आहे,' असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हणायचो, "चोखोट, बा." दुसरं कोण होतं म्हणायला?

असे काही दिवस गेले. एका रात्री मी परत आलो तर काका झोपाळ्यावर फोन धरून बसलेले. रेल्वेतल्या साहेबांकडून नंबर घेऊन बाबांनी थेट काकांनाच गाठलं होतं. फोनवरचं काकांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचाही फोन स्पीकरवरच असतो. बाबांचा आवाज त्या हळू बोलणाऱ्या घरात भिंतींवर आपटत होता.

"साहेब, पोरगं बोलंना झालंय! हिला वाटतंय, शिकला म्हून आमची लाज वाटाय लागली त्याला! एवढंच इचारून सांगा!"

काका माझ्याकडे बघत राहिले. काकू स्वयंपाकघरातून आल्या.

"नाही, बाबा," मी तिथूनच ओरडलो. हो, ओरडलो. त्या घरात! "लाज नाही. तो कुत्रा आईला घाबरतो!"

मग सगळं सांगावंच लागलं. फोनचा स्पीकर, स्टँडवरची कुत्री, काठी, मॅन्शन. मी सांगत असताना मध्येच आईने पुरावाच दिला : "हाड्!" आणि माझ्यामागे उभा असलेला बोंडा झोपाळ्याखालून, काकूंच्या पायांमधून, न्हाणीघरात जाऊन बसला.

मग आईचा आवाज आला, इतका हळू की मला तो ओळखूच आला नाही.

"म्हंजे माज्यामुळं त्याला हुत न्हवतं?"

"होय, आई."

"आन् तू म्हून बोलत न्हवतास?"

"होय."

"येडं हाय बग हे," ती बाबांना म्हणाली. तिचा आवाज जरा ओला वाटला, पण नंतर म्हणाली की कांदा चिरत होते. (भांडी घासायच्या वेळी!)

अंबुजा काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांनी काकांच्या हातातून फोन घेतला. "तुम्ही रोज इकडेच फोन करा, अक्का. आमच्या नंबरवर. कुत्रा बाहेर जाऊ दे, आम्ही बोलतो. असके दिवस, सगळे दिवस, आम्ही दोघंच बसतो हो, कोण आहे बोलायला?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्या गाडीवर अंड्याशिवाय काय असतं?"

"कांदा," आई म्हणाली.

आणि दोघींचं जमलं!

तेव्हापासून ठरून गेलं. रात्री भांडी घासायच्या वेळी आई फोन करते, काकूंना. काकू तिला रसमचं सांगतात, ती काकूंना गिऱ्हाइकांच्या लबाड्या सांगते. काका बाबांना बँकेतल्या गोष्टी सांगतात आणि बाबा तवा थांबवून ऐकतात. काकू आता थोडं मोठ्याने बोलतात. परवा त्यांनी समोरच्या मामींच्या मांजराला 'हाड्' म्हणून पाहिलं. मी परत येईपर्यंत सगळं बोलून झालेलं असतं. मला आई शेवटी एवढंच म्हणते, "काकूंनी समदं सांगितलं. झोप आता."

आणि त्या वेळी मी असतो बोंडाबरोबर रस्त्यावर. हे सगळे मिळून माझ्याबद्दलच बोलत असतात, आणि नेमका मीच तिथे नसतो. खिडकी उघडी असते. काकांचा फोन माझ्या फोनपेक्षा खणखणीत आहे. आम्ही गल्लीच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपाशी पोहोचतो आणि मागून, घराच्या खिडकीतून, अगदी स्पष्ट ऐकू येतं : "हाड्!"

बोंडाचे कान पडतात. माझे उभे राहतात. त्याला त्या आवाजापासून लांब पळायचं असतं, समुद्राच्या दिशेने. मला त्या आवाजाकडे धावायचं असतं, घराच्या दिशेने. दोरी एकच असते.

काकू सगळ्यांना कौतुकाने सांगतात, "महादेव बोंडाला किती लांब फिरवतो! रोज मरिनापर्यंत!"

जिंकतो कोण, ते फक्त माझ्या चपलांना माहीत आहे.